भूकंप, आग, वादळ : जपानी लोक हे सगळं पुस्तकात वाचून का शिकत नाहीत?

तारीख १ सप्टेंबर १९२३. दुपारचे १२ वाजायला दोन मिनिटं कमी. टोकियो आणि योकोहामामध्ये घरोघरी जेवणाची तयारी सुरू होती, चुली आणि कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या होत्या. आणि त्याच वेळी जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता होती ७.९.

लाकडी घरं पडली, शेगड्या उलटल्या आणि ठिकठिकाणी आगी लागल्या. त्यात भर म्हणजे जपानजवळ तेव्हा एक चक्रीवादळही होतं, म्हणजे तिकडच्या भाषेत टायफून. त्याच्या जोरदार वाऱ्याने आग शहरभर पसरली. मृत आणि बेपत्ता मिळून आकडा गेला सुमारे १ लाख ५ हजारांवर. त्यातले दहापैकी नऊ जण भूकंपाने नाही, तर आगीने गेले.

सगळ्यात भयंकर प्रकार होन्जो भागात घडला. लष्करी कपड्यांच्या जुन्या कारखान्याच्या मोकळ्या जागेत हजारो लोक जीव वाचवायला जमले. येताना त्यांनी गाद्या, कपडे, सामान असं सगळं सोबत आणलं. ठिणग्या पडल्या आणि त्या सामानानेच पेट घेतला. या एकाच मैदानात सुमारे ३८ हजार लोक गेले.

मोकळ्या जागेत जायचं हे लोकांना माहीत होतं. पण जाताना काय न्यायचं नाही, हे माहीत नव्हतं.

मग जपानने काय केलं?

१९५९ च्या सप्टेंबरमध्ये इसेवान टायफूनने पाच हजारांवर बळी घेतले. त्यानंतर १९६० मध्ये सरकारने १ सप्टेंबर हा 'आपत्ती प्रतिबंध दिन' म्हणून ठरवला. या दिवशी देशभर शाळा, कंपन्या आणि मोहल्ल्यांमध्ये सराव होतात.

पण वर्षातून एक दिवस पुरत नाही. म्हणून टोकियोच्या अग्निशमन दलाने 'बोसाई-कान' नावाची केंद्रं सुरू केली. बोसाई म्हणजे आपत्तीपासून बचाव. यातलं एक केंद्र त्याच होन्जोमध्ये आहे. इथे शाळेची पोरं येतात, आजी-आजोबा येतात, परदेशी पर्यटकही येतात.

तिथे नेमकं काय करायला लावतात?

भूकंप : एका हलणाऱ्या प्लॅटफॉर्मवर तुम्हाला बसवतात आणि तो जोरात हलवतात. जपानच्या मोजपट्टीत हादऱ्याची सगळ्यात वरची पातळी ७ आहे. अशा मोठ्या हादऱ्यात उभं राहणं सोडाच, टेबलाखाली शिरून त्याचा पाय धरून ठेवतानाही घाम फुटतो.

धूर : निरुपद्रवी धूर भरलेल्या बोळातून बाहेर पडायचं. तोंडावर रुमाल, कंबरेत वाकून, एक हात भिंतीवर. ताठ उभं राहिलात तर नापास. कारण गरम धूर आधी वर साठतो, श्वास घेण्याजोगी हवा खाली राहते.

आग : स्क्रीनवर आग दिसते, हातात पाणी भरलेलं सरावाचं फायर एक्स्टिंग्विशर. आधी मोठ्याने 'आग लागली!' असं ओरडायचं, मग पिन काढायची, नळी आगीच्या बुडाकडे धरायची, मग दांडा दाबायचा. घरातलं पावडरचं एक्स्टिंग्विशर जेमतेम १५ सेकंद चालतं. ज्वाळा छताला लागल्या की विझवायचा नाद सोडून पळायचं.

वादळ आणि पूर : रेनकोट घालून कृत्रिम वादळात उभं राहायचं. दुसरीकडे, पलीकडे पाणी साचलेलं दार उघडून बघायचं. यातलं गणित साधं आहे. ८० सेंटीमीटर रुंद दारामागे अर्धा मीटर पाणी असेल, तर दारावर साधारण १०० किलो वजनाइतका जोर येतो. त्यामुळे 'पाणी वाढलं की निघू' हा प्लॅन तिथेच बाद होतो.

पण हे व्हिडिओ बघून शिकता येत नाही का?

माहिती मिळते, सवय लागत नाही. घाबरलेला माणूस विचार करत बसत नाही, हाताला जे माहीत आहे तेच करतो. एक्स्टिंग्विशरची पिन कधीच काढली नसेल, तर त्या १५ सेकंदांत ती शोधण्यातच वेळ जातो.

दुसरं म्हणजे, जुनी शिकवणही बदलावी लागते. जपानमध्ये पूर्वी शिकवायचे की भूकंप झाला की आधी गॅस बंद करा. पण हादरे सुरू असताना शेगडीकडे धावणारे भाजतात, पडतात. आता तिथले गॅस मीटर मोठ्या हादऱ्यात आपोआप बंद होतात. म्हणून नवा क्रम असा : आधी स्वतःला वाचवा, हादरे थांबले की मग गॅस.

सरावाने सगळे वाचतात का?

नाही. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे कोबेत भूकंप झाला, ६,४३४ लोक गेले. बहुतेक जण पडलेल्या घरांखाली आणि फर्निचरखाली दबले. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत तेच झालं. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. घरच कच्चं असेल तर टेबलाखाली शिरायलाही वेळ मिळत नाही. पण कोबेतूनच हेही कळलं, की ढिगाऱ्यातून सुटका झालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं. म्हणून आता सराव एकट्याचा नाही, अख्ख्या गल्लीचा होतो.

आपण घरी काय करू शकतो?

बोसाई-कान जवळ नसलं तरी या पाच गोष्टी या रविवारी होतील :

१. घरातल्या प्रत्येकाने, मुलांनी आणि आजीनेही, सिलेंडरचा रेग्युलेटर एकदा स्वतःच्या हाताने बंद करून बघायचा. गॅसचा वास आला तर लाईटचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करायचं नाही. दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि १९०६ वर फोन करायचा.

२. सोसायटीतलं एक्स्टिंग्विशर कुठे आहे ते शोधा. त्याची तारीख आणि काटा बघा. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो, तेव्हा प्रात्यक्षिकासाठी फायर ब्रिगेडला बोलवा.

३. पलंगाच्या डोक्याशी असलेलं जड कपाट भिंतीला पक्कं करा किंवा हलवा.

४. लाईट बंद करून जिन्याने खाली उतरून बघा. जिन्यात सायकली आणि चपलांचे स्टँड असतील तर तिथेच कळेल.

५. मोबाईल बंद पडले तर सगळ्यांनी कुठे भेटायचं, ती एक जागा ठरवा. ११२ हा नंबर मुलांकडून पाठ करून घ्या.

कोकणात राहत असाल तर ही यादी मे संपायच्या आत उरका. २०२० चं निसर्ग वादळ ३ जूनला आलं होतं, तयारी नव्हती असं म्हणायची वेळ येऊ नये.