हेडसेटचं खरं गिऱ्हाईक

भाजलेल्या माणसाचं ड्रेसिंग बदलताना चिकटलेली पट्टी सोडवावी लागते, मेलेली कातडी काढावी लागते, उघडी जखम धुवावी लागते. मॉर्फिनसारखी औषधं देऊनही त्या वेळची वेदना पुरती आटोक्यात येत नाही. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात १९९०च्या दशकात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी अशा रुग्णांच्या डोळ्यांवर आभासी दृश्य दाखवणारा हेडसेट चढवला. पुढे खास भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ हे आभासी जग तयार झालं. हात परिचारिकेच्या ताब्यात, पण डोळ्यांपुढे बर्फाची दरी. रुग्ण तिच्यातून तरंगत जातो आणि पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकतो. वेदना जाणवायलाही लक्ष लागतं, आणि लक्ष तर गोळे मारण्यात गुंतलेलं! दुखणं कमी झाल्याचं रुग्णांनी सांगितलं. निरोगी स्वयंसेवकांवरच्या प्रयोगांत मेंदूच्या स्कॅनमध्येही तोच परिणाम दिसला.

या तंत्राची खरी ताकद इथे दिसते. जाहिरातींत मात्र भलतंच काही असतं.

फेसबुकने २०१४ मध्ये हेडसेट बनवणारी ऑक्युलस ही कंपनी २ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं आणि २०२१ मध्ये स्वतःचं नावच ‘मेटा’ करून टाकलं. माणसं आभासी जगात भेटतील, तिथेच काम करतील, हा होरा. २०२० पासून मेटाच्या या कामाच्या विभागाचा तोटा ६० अब्ज डॉलरच्या पलीकडे गेला. अ‍ॅपलचा व्हिजन प्रो हा हेडसेट फेब्रुवारी २०२४ मध्ये बाजारात आला. किंमत ३,४९९ डॉलर, वजन सहाशे ग्रॅमहून जास्त, शिवाय वायरला लटकणारी वेगळी बॅटरी. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांचं डोक्यावर चढवायचं यंत्र इतकं जड होतं की ते छताला टांगावं लागे. त्या मानाने प्रगती मोठी आहे, पण दिवसभर डोक्यावर बाळगावी अशी ही वस्तू नाही.

शरीरही कुरकुर करतं. डोळे सांगतात आपण धावतोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते बसलोय, अनेकांना मळमळतं.

म्हणून हेडसेट टिकेल तो थोडा वेळ वापरायचा आणि चूक महागात पडणारी, अशा कामांत. डोक्याला डोकं जोडलेल्या ब्राझीलमधल्या जुळ्यांना २०२२ मध्ये रिओत वेगळं करण्यात आलं. त्याआधी लंडनचे न्यूरोसर्जन नूर उल ओवासे जिलानी आणि रिओचे डॉक्टर यांनी स्कॅनवरून उभ्या केलेल्या प्रतिकृतीवर, एकाच आभासी खोलीत रंगीत तालमी केल्या. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी हेडसेटवरच्या उपचाराला परवानगी दिली. ठाण्याची अजनालेन्स ही कंपनीसुद्धा घरगुती खेळांपेक्षा प्रशिक्षणावर भर देऊन हेडसेट बनवते.

रोजच्या वापराचं भविष्य मात्र साध्या चष्म्याकडे वळलेलं दिसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मेटाने भिंगातच छोटा पडदा असलेला रे-बॅन चष्मा आणला. वजन ६९ ग्रॅम, किंमत ७९९ डॉलर. समोरच्याच्या नकळत त्याचं चित्रीकरण करू शकणारा कॅमेराही त्यात आहे, आणि त्याबद्दलचे नियम बाजारात चष्मे पसरण्याआधी व्हायला हवेत.

घरातल्या मुलासाठी हेडसेट घेणार असाल तर आधी वयाची अट वाचा. मेटाच्या क्वेस्ट हेडसेटसाठी ती किमान १० वर्षं आहे, तीही खातं पालकांच्या नियंत्रणात असेल तरच. अ‍ॅपलने ती १३ ठेवली आहे.