रेघ ओढणारी डबी

जीपीएस लॉगर पारखून घ्यायचा असेल तर नाशकात द्वारका चौकासारखी दुसरी जागा नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता इथे भेटतात, सारडा सर्कलकडून जुन्या नाशकातली गर्दी येऊन मिळते, काठे गल्लीकडून नाशिकरोडच्या रिक्षा घुसतात. डोक्यावर महामार्गाचा लांबलचक उड्डाणपूल. पायाखाली पादचाऱ्यांसाठी बांधलेला, पण पादचाऱ्यांनी कधी फारसा मनावर न घेतलेला भुयारी मार्ग. एकाच चौकात पूर्ण आकाश, अर्धं आकाश आणि शून्य आकाश! यंत्र खिशात टाकून इथे एक फेरी मारावी आणि घरी संगणकावर उमटलेली रेघ पाहावी. दुकानदाराने सांगितलेल्या गुणांपैकी किती खरे, ते लगेच कळतं.

लॉगर ही मुठीत मावणारी डबी. ती उपग्रहांचे संदेश ऐकते आणि ठरावीक अंतराने अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ स्वतःच्या पोटात लिहून ठेवते. बस्स. बऱ्याच लॉगरना पडदासुद्धा नसतो, दोन-तीन लुकलुकणारे दिवे तेवढे असतात. द्वारकेवरून जाणाऱ्या ट्रकमध्ये आणि बसमध्ये असतो तो ट्रॅकर. तो सिमकार्डावरून गाडीचा ठावठिकाणा मालकाला कळवत राहतो. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना तो सक्तीचाही झाला. लॉगर कुणाकडे चहाडी करत नाही. त्याला सिम लागत नाही, रेंज लागत नाही, महिन्याचं भाडं लागत नाही. परदेशातल्या नातेवाइकाकडून यंत्र मागवताना आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. उपग्रहामार्फत संदेश पाठवू शकणारी इनरीचसारखी यंत्रं भारतात परवानगीवाचून बाळगता येत नाहीत आणि विमानतळावर त्यावरून लोक अडकलेले आहेत. नुसतं ऐकणाऱ्या लॉगरला ही भीती नाही.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. चार उपग्रहांचे संदेश किती उशिराने पोचले, यावरून यंत्र आपली जागा काढतं. सगळा खेळ वेळेचा. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जागा ३०० मीटर सरकते. उघड्या मैदानात साधं यंत्रही चार-पाच मीटरच्या आत जागा दाखवतं. पण द्वारकेच्या पुलाखाली उभं राहिलं की वरचा स्लॅब थेट येणारे संदेश अडवतो आणि जे पोचतात ते खांबांवर, इमारतींवर आपटून, लांबच्या वाटेने पोचतात. यंत्राला ही वाकडी वाट कळत नाही, उपग्रहच दूर आहे असं ते धरून चालतं. म्हणून नकाशावर माणूस रस्ता सोडून पलीकडच्या दुकानात शिरलेला दिसतो. भुयारी मार्गात तर काहीच ऐकू येत नाही. तिथे चांगलं यंत्र गप्प बसतं आणि रेघ तुटते. काही यंत्रं मात्र हुशारी करून मधली जागा अंदाजाने भरतात. मी तुटलेली रेघ देणारं यंत्र घेईन. नोंदवहीत कल्पनाशक्ती नको.

ही अचूकतासुद्धा तशी अलीकडची. अमेरिकी लष्कर नागरी संदेशात मुद्दाम गोंधळ मिसळत असे, तो मे २००० मध्ये बंद झाला. त्याआधी शंभर मीटरपर्यंत चूक गृहीतच धरावी लागे, म्हणजे द्वारकेला उभ्या असलेल्या माणसाचा चौकही नीट सांगता आला नसता. आता अमेरिकेच्या जोडीला रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि आपले नाविक हे उपग्रह आहेत. नाविकचे संदेश बरीच वर्षं साध्या चिपला झेपणाऱ्या वारंवारतेवर नव्हते. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून ती सोय झाली. दुहेरी वारंवारतेची यंत्रं आपटून आलेला संदेश बऱ्यापैकी ओळखतात. शहरात किंवा सांदण दरीसारख्या अरुंद घळीत नोंद करायची असेल तरच त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत. शेताची हद्द फिरायला किंवा कळसूबाई चढायला साधं यंत्र पुरतं.

उंचीच्या आकड्यावर मात्र माझा पटकन विश्वास बसत नाही. पुलावरून गेलेला मोटारसायकलवाला आणि पुलाखालून गेलेला, दोघांची रेघ नकाशावर सारखीच. फरक उंचीत दिसायला हवा, पण उपग्रह सगळे वरच्या बाजूला असल्याने उंचीची चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते आणि पुलाची उंची त्या चुकीतच बुडून जाते. शिवाय भारताची म्हणून एक खास गंमत आहे. यंत्र मुळात उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत आकारापासून. आपल्या भागात खरी समुद्रसपाटी त्या आकाराच्या बरीच खाली आहे. नाशिक परिसरात हा फरक साठेक मीटरचा भरतो. हिंदी महासागरात श्रीलंकेच्या दक्षिणेला तो शंभराच्या वर जातो आणि जगात सर्वांत जास्त तिथेच आहे. बहुतेक यंत्रं ही दुरुस्ती आपसूक करतात. ज्यांच्या फायलीत कच्ची उंची येते त्यांचं १,६४६ मीटरचं कळसूबाई शिखर १,५८० च्या घरात उतरतं. चढाईच्या हिशेबात रस असणाऱ्याने हवेचा दाब मोजणारा उंचीमापक असलेलं यंत्र घ्यावं आणि सुरुवातीला एखाद्या ज्ञात उंचीवर ते जुळवून घ्यावं.

बॅटरीचा हिशेब नाशिकच्या सायकलवाल्यांना विचारावा. महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांचा संघ म्हणून पुरी केली आणि २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पुरी केली. या शहरात लांब पल्ल्याची सायकल ही आता नवलाई राहिलेली नाही. ब्रेव्हे या लांब सायकलफेरीच्या प्रकारात ६०० किलोमीटरला ४० तास मिळतात. इतका वेळ फोन नकाशा दाखवत, नोंद करत आणि घरच्यांचे कॉल घेत टिकत नाही. पॉवर बँक असते, पण पावसात तिची वायर हीच पहिली तक्रार. गार्मिनचं ईट्रेक्स हे जुनं, ओबडधोबड यंत्र दोन पेन्सिल सेलवर साधारण २५ तास चालतं आणि सेल कुठल्याही गावच्या किराणा दुकानात मिळतात. होलक्सचा एम-२४१ तर एकाच सेलवर चाले. आतच बसवलेल्या बॅटरीचं यंत्र दिसायला देखणं असतं, पण चार-पाच वर्षांनी बॅटरी बसली की यंत्रही गेलं. पाण्याबाबत आयपीएक्स-७ हा दर्जा पाहावा. त्याचा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास. सह्याद्रीतल्या आषाढाला एवढं पुरे.

यंत्र कोणतं, यापेक्षा ते कसं लावलं, याने रेघ जास्त बिघडते. चालणारा माणूस सेकंदाला सव्वा मीटर जातो आणि यंत्राची चूक चार मीटर. मग दर सेकंदाला नोंद कशाला? अशा नोंदीत वाट दारुड्यासारखी झोकांड्या खाते आणि अंतर फुगतं. चहाला अर्धा तास थांबलं तर त्या जागी गुंताडा तयार होतो आणि बसल्या जागी दोन-तीनशे मीटर चाल जमा होते. पायी असताना पाच सेकंद किंवा दहा मीटर ठीक. कसारा घाटात बसने जाताना मात्र उलटं. चाळीसच्या वेगाने दहा सेकंदांत ११० मीटर मागे पडतात, वळणं कापली जातात आणि रेघ दरीतून सरळ जाते. तिथे एक सेकंदच हवा. साठवणही पाहावी. दहा हजार बिंदूंची मर्यादा असेल तर सेकंदाला एक या हिशेबाने ती पावणेतीन तासांत संपते.

हरिहर किल्ल्याची रेघ एकदा पाहण्यासारखी असते. खडकात कोरलेल्या त्या जवळपास उभ्या पायऱ्यांवर माणसाचा जीव टांगणीला लागतो, आणि नकाशावर? एक ठिपका. लॉगर अंतर मोजतो ते आडवं. कडाही जवळ असल्याने अर्धं आकाश झाकलेलं, म्हणून तो ठिपकाही थोडा हवेतच. डबी पँटच्या खिशात ठेवली तर आपलं शरीरच आणखी आकाश अडवतं. तिची जागा सॅकच्या वरच्या कप्प्यात. निघण्यापूर्वी दोन-चार मिनिटं उघड्यावर स्थिर ठेवावी. फोनला उपग्रहांची खबर नेटवरून मिळते, हिला ती आकाशातूनच गोळा करावी लागते.

फोटोंना जागा जोडण्यासाठी लॉगर घेणारेही बरेच आहेत आणि ते हमखास साडेपाच तासांत अडकतात. लॉगरच्या जीपीएक्स फाईलमधली वेळ ग्रीनिचची असते, कॅमेऱ्यातली आपली. हा फरक सॉफ्टवेअरला सांगितला नाही तर अंजनेरीवरचा सूर्यास्त भलत्याच गावी नोंदला जातो. जुना लॉगर स्वस्तात मिळाला तर आधी तारीख तपासावी. जीपीएस आठवडे मोजतं आणि १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतं. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तसं झालं. काही चिप तेव्हा चुकल्या, काही त्यांच्या आतल्या गणितानुसार नंतर. अशी यंत्रं जागा बरोबर आणि तारीख वीसेक वर्षं मागची दाखवतात. फायलीत ७,१६८ दिवस मिळवले की काम भागतं, त्यामुळे किंमत पाडून मागायला हे कारण चांगलं.

रेघ जगाला दाखवण्यापूर्वी मात्र एकदा कात्री चालवावी. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या ॲपने जगभरच्या धावपटूंच्या नोंदींचा एकत्र नकाशा प्रसिद्ध केला होता; जानेवारी २०१८ मध्ये त्यात जवानांच्या धावण्याच्या रेघांवरून लष्करी तळांचे आराखडे उघडे पडल्याचं लोकांनी दाखवून दिलं. नाशिकला हे परकं नाही. पुणे रस्त्याने पुढे गेलं की गांधीनगरला लष्करी विमानदलाची प्रशिक्षण शाळा, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, पलीकडे देवळालीला तोफखान्याचं केंद्र. तिथल्या भिंतींना लागून काढलेली सकाळची फेरी स्वतःजवळच राहू द्यावी. बाकी फायलींतून आपल्या घराभोवतीचे पहिले आणि शेवटचे दोन-तीनशे मीटर काढून टाकावेत, कारण रोज एकाच दारातून निघणारी रेघ पत्ता सांगते आणि घरात कोणी नसण्याची वेळही सांगते. ब्रह्मगिरीच्या फेरीची वाट मात्र खुशाल ओपनस्ट्रीटमॅपवर चढवावी. श्रावणात वाट नेमकी कुठून जाते, ते पाच-पन्नास जणांच्या रेघा एकावर एक पडल्या की एकट्या कुणाच्याही रेघेपेक्षा नेमकं दिसतं.