समाधानाचा टक्का आणि उत्तर न देणारे १ लाख ३२ हजार

ब्रिटनमध्ये २०२४ साली पदवीच्या शेवटच्या वर्षातील ३ लाख ४६ हजार विद्यार्थ्यांनी आपल्या अभ्यासक्रमाविषयीची राष्ट्रीय प्रश्नावली भरली. प्रतिसाद ७२.३ टक्के. आदल्या वर्षी तो ७१.५ टक्के होता आणि उत्तरे ३ लाख ३९ हजार आली होती. कोणतीही सक्ती नसताना दहापैकी सात जण उत्तर देतात, हे प्रमाण मोठे आहे. याच आकड्यांचा उलटा हिशेब केला, तर पात्र विद्यार्थी सुमारे ४ लाख ७८ हजार ठरतात आणि उत्तर न देणारे १ लाख ३२ हजार. निकालाच्या बातमीत उत्तर देणाऱ्यांचा आकडा येतो, न देणाऱ्यांचा येत नाही.

ही प्रश्नावली म्हणजे ‘नॅशनल स्टुडंट सर्व्हे’. तो २००५ साली सुरू झाला. तेव्हा तो इंग्लंडच्या उच्च शिक्षण निधी परिषदेकडे होता. २०१८पासून ‘ऑफिस फॉर स्टुडंट्स’ ही नियामक संस्था तो पाहते. प्रत्यक्ष काम इप्सॉस ही कंपनी जानेवारी ते एप्रिल या काळात करते. मूळ प्रश्नांचा साचा ऑस्ट्रेलियातून, पॉल रॅम्सडेन यांनी तयार केलेल्या प्रश्नावलीवरून घेतला होता. शेवटचे विधान सर्वांत जास्त गाजले: एकंदरीत, या अभ्यासक्रमाच्या दर्जाबाबत मी समाधानी आहे. पहिल्या वर्षी ८० टक्क्यांनी होकार दिला, २०१६ साली ८६ टक्क्यांनी. अकरा वर्षांत सहा टक्केबिंदूंची वाढ, म्हणजे सरासरी वर्षाला सुमारे अर्धा बिंदू.

एकूण आकडा असा संथ असला तरी त्याच्या पोटातले आकडे एकमेकांपासून दूर आहेत. २०१८ साली एकूण समाधान ८३ टक्के होते, तर ‘मूल्यमापन आणि अभिप्राय’ या गटात ते ७३ टक्के. २०१९मध्ये तो गट ७३वर राहिला, २०२०मध्येही ७३वर. म्हणजे चारपैकी एकाहून अधिक विद्यार्थी तिन्ही वर्षे असे म्हणायला तयार नव्हते की गुणांचे निकष आधी कळतात, तपासलेला निबंध वेळेवर हातात येतो आणि त्यावरच्या शेऱ्यातून पुढे काय सुधारायचे ते समजते. या सर्वेक्षणातून मिळणारी सर्वांत कामाची माहिती मला हीच वाटते. ८३ टक्के वाचून कुलगुरूंना उद्या काय करायचे ते कळत नाही. ७३ टक्के वाचून कळते.

कोविडच्या साथीच्या काळात एकूण आकडाही हलला. २०२० साली ८३ टक्के समाधानी होते, २०२१ साली ७५ टक्के. एका वर्षात आठ बिंदू, म्हणजे सुरुवातीच्या अकरा वर्षांच्या कमाईपेक्षा जास्त. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि संगणक सुविधांविषयीचे समाधान ८६वरून ७४ टक्क्यांवर आले. ‘अध्यापन’ या गटाची घसरण त्या मानाने कमी, ८४वरून ८०. बंद इमारतीचा राग प्राध्यापकांवर फारसा निघाला नाही, असा याचा अर्थ. साथीसाठी वेगळे प्रश्न जोडले होते. त्यांत शिकवण्याच्या व्यवस्थेवर समाधानी असलेले ४७.६ टक्के निघाले, आणि मानसिक आरोग्यासाठी विद्यापीठाने पुरेसे केले असे मानणारे ४१.९ टक्के.

विचार करायला लावतो तो पुढच्या वर्षीचा आकडा. २०२२ साली ग्रंथालये उघडली आणि सुविधांचा टक्का ७४वरून ८१वर गेला. गमावलेल्या बारा बिंदूंपैकी सात परत आले. एकूण समाधान मात्र ७५वरून ७६वर, म्हणजे आठपैकी एकच बिंदू परत. सुविधा परतल्या तरी समाधान त्या वेगाने परतले नाही. या तुकडीची पदवीची बरीचशी वर्षे साथीत गेली होती. शेवटच्या वर्षी दिलेले उत्तर त्या सगळ्या वर्षांचे असते, चालू वर्षाचे नाही. त्यामुळे हा आकडा आजच्या विद्यापीठाचा मानणे चूक आहे. तो दोन-तीन वर्षे मागे चालतो.

त्याआधी, २०१७ साली झालेली प्रतिसादातली घट वेगळ्या कारणाची. त्या वर्षी सरकारने अध्यापनाच्या दर्जाचे सुवर्ण, रौप्य आणि कांस्य असे वर्गीकरण सुरू केले. त्यात या सर्वेक्षणाचे गुण धरले जाणार होते आणि वर्गीकरणाचा धागा शुल्कवाढीशी जोडलेला होता. त्याच वर्षी वार्षिक शुल्काची कमाल मर्यादा ९,००० पौंडांवरून ९,२५० पौंडांवर गेली. विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने बहिष्कार पुकारला. देशभराचा प्रतिसाद ७२वरून ६८ टक्क्यांवर आला, जेमतेम चार बिंदूंनी. पण ही घट सगळीकडे सारखी पसरली नव्हती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसह बारा संस्थांत प्रतिसाद ५० टक्क्यांच्या खाली गेला, आणि ५० टक्क्यांखाली निकाल जाहीर होत नाही. त्याच वर्षी एकूण समाधान ८६वरून ८४वर आले. मात्र प्रश्नावलीही त्याच वर्षी बदलली होती, म्हणून या दोन बिंदूंचे श्रेय किंवा दोष कोणा एकाला देता येत नाही. पुढच्या फेरीत सरकारने वर्गीकरणातले या सर्वेक्षणाचे वजन निम्मे केले.

आकड्याला पैसा आणि क्रमवारी चिकटली की त्याच्यावर दाब येतो. २००८ साली लंडनच्या किंग्स्टन विद्यापीठात मानसशास्त्र विभागातील शिक्षक विद्यार्थ्यांना गुण वाढवून द्या असे सांगत असल्याचे ध्वनिमुद्रण बाहेर आले. तुमच्या पदवीची किंमत तुमच्याच उत्तरांवर अवलंबून आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. निधी परिषदेने त्या विभागाचे त्या वर्षीचे निकाल वगळले. युक्तिवाद नीतीच्या दृष्टीने चूक होता, हिशेबाच्या दृष्टीने नव्हे. क्रमवारीतले विद्यापीठाचे स्थान घसरले तर नुकसान त्याच विद्यार्थ्याचे होते, ज्याच्याकडे प्रामाणिक उत्तर मागितले आहे. गैरप्रकार उघडकीला आला तर निकाल वगळता येतो; विद्यार्थ्याने मनातल्या मनात केलेला हा हिशेब वगळता येत नाही.

२०२३ साली मोजमापच बदलले. तोपर्यंत विधान दिले जाई आणि पाच पर्याय असत. मधला पर्याय ‘सहमत नाही, असहमतही नाही’ असा. आता थेट प्रश्न आहे, शिक्षक विषय किती चांगला समजावून सांगतात, आणि पर्याय चार: खूप चांगला, चांगला, फारसा चांगला नाही, अजिबात चांगला नाही. मधली जागा काढून टाकली. याचा परिणाम शंभर विद्यार्थ्यांच्या काल्पनिक वर्गावर पाहता येतो. जुन्या पद्धतीत ७५ सहमत, १० मधले, १५ असहमत, टक्का ७५. नव्या पद्धतीत मधल्या दहांपैकी सहा जण ‘चांगला’कडे आणि चार जण ‘फारसा नाही’कडे गेले, तर टक्का ८१. एकाही विद्यार्थ्याचे मत बदललेले नाही, एकही तास जास्त चांगला शिकवला गेलेला नाही. म्हणूनच २०२३चे आकडे २०२२शी ताडून पाहू नयेत असे नियामक संस्थेनेच सांगितले. याच वर्षी इंग्लंडमध्ये एकूण समाधानाचा प्रश्न काढून टाकला गेला. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये तो राहिला. इंग्लंडमध्ये मते मोकळेपणाने मांडता येतात का, हा नवा प्रश्न आला आणि पहिल्याच वर्षी ८६ टक्क्यांनी ‘येतात’ म्हटले.

अभ्यासक्रमाच्या पातळीवर आलो की आकडा आणखी नाजूक होतो. निकाल जाहीर होण्याची अट अशी: किमान ५० टक्के प्रतिसाद आणि किमान दहा उत्तरे. वीस जणांच्या वर्गात दहांनी उत्तर दिले आणि त्यांतले आठ समाधानी असले, तर ८० टक्के छापले जातात. एकाने मत बदलले की ७० किंवा ९०. गप्प राहिलेले दहाही जण नाराज असतील, तर वर्गाचा खरा टक्का ४०; सगळे खूश असतील, तर ९०. देशाच्या पातळीवर हीच कसोटी लावली, तर २०२१ साली ७५ टक्के समाधान आणि ६९ टक्के प्रतिसाद यांतून एवढेच ठामपणे म्हणता येते की पात्र विद्यार्थ्यांपैकी समाधानी ५२ ते ८३ टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी होते. ही टोके प्रत्यक्षात येण्याची शक्यता कमी, पण क्रमवारीत दोन विद्यापीठांमध्ये एका बिंदूचा फरक दिसतो तेव्हा ती आठवलेली बरी.

पुण्या-मुंबईतून ब्रिटनला जाणाऱ्या मुलांचे पालक या क्रमवाऱ्या बारकाईने पाहतात, आणि ‘गार्डियन’ वृत्तपत्राच्या यादीत या सर्वेक्षणाचे गुण धरलेले असतात. सर्वेक्षण फक्त पदवीच्या शेवटच्या वर्षाचे आहे. भारतातून तिकडे जाणारे बहुतांश विद्यार्थी मात्र एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जातात. कर्ज काढून ज्या वर्गात मूल बसणार आहे, त्या वर्गाला हे प्रश्न विचारलेलेच नसतात.

भारतात महाविद्यालये आणि विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेने २०१७च्या सुधारित चौकटीत ‘विद्यार्थी समाधान सर्वेक्षण’ आणले. २१ प्रश्न, त्यांतले २० पर्यायांचे, ० ते ४ गुणांचे, आणि एक मोकळे लिहायचा. संस्थेने सर्व विद्यार्थ्यांचे ई-मेल पत्ते द्यायचे, नॅकने थेट विद्यार्थ्यांना विचारायचे. रचना चांगली आहे, कारण फॉर्म विभागप्रमुखाच्या टेबलावर भरला जात नाही. अडचण किमान प्रतिसादाच्या अटीत आहे: महाविद्यालयासाठी १० टक्के विद्यार्थी किंवा १००, यांतली लहान संख्या, विद्यापीठासाठी १० टक्के किंवा ५००, यांतली लहान. तीन हजारांच्या महाविद्यालयात १०० उत्तरे पुरतात, म्हणजे ३.३ टक्के. वीस हजारांच्या विद्यापीठात ५००, म्हणजे २.५ टक्के. ब्रिटनमध्ये जिथे निकाल दडवला जातो तो उंबरठा ५० टक्के आहे.

शंभर उत्तरे कमी नाहीत. चिठ्ठ्या टाकून शंभर जण निवडले आणि त्यांतले ९० समाधानी निघाले, तर चूक साधारण सहा बिंदूंची. पण इथे चिठ्ठ्या पडत नाहीत. ई-मेल उघडून उत्तर देणारे स्वतःहून येतात किंवा त्यांना आठवण करून दिली जाते. मग ब्रिटनसाठी वापरलेली कसोटी तीन हजारांच्या महाविद्यालयाला लावली, तर समाधानी ३ टक्केही असू शकतात आणि ९९.७ टक्केही. २०२१-२२च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात ४.३३ कोटी विद्यार्थी होते, त्यांतले ४५.७८ लाख महाराष्ट्रात आणि राज्यातली महाविद्यालये ४,६९२. एवढ्या पसाऱ्यात प्रत्येक गुणाशेजारी किती जणांना विचारले आणि किती जणांनी उत्तर दिले, हे दोन आकडे छापायला खर्च नाही. एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत तर १० टक्के वजन ‘पर्सेप्शन’ला आहे आणि ते मत नोकरी देणाऱ्यांकडून आणि इतर प्राध्यापकांकडून घेतले जाते, विद्यार्थ्यांकडून नव्हे.

एका बाबतीत मात्र नॅकची प्रश्नावली ब्रिटनच्या पुढे आहे. तिचा पहिला प्रश्न समाधान विचारत नाही, वर्गात अभ्यासक्रम किती शिकवून झाला ते विचारतो: ८५ ते १०० टक्के, ७० ते ८४, ५५ ते ६९, ३० ते ५४, की ३०पेक्षा कमी. हे मत नाही, घटना आहे, आणि एकाच बाकावरच्या दोघांची उत्तरे जुळायला हवीत. शंभर जणांच्या वर्गात ५० जणांनी ४ आणि ५० जणांनी १ गुण दिला, तर सरासरी २.५. दुसऱ्या वर्गात ५० जणांनी ३ आणि ५० जणांनी २ दिले, तरी सरासरी २.५. दुसऱ्या वर्गात अभ्यासक्रम साधारण ७० टक्क्यांपर्यंत पोचला आहे. पहिल्या वर्गात एकतर अर्धी मुले तासांना बसत नाहीत, किंवा अर्ध्यांनी वाचून उत्तर दिलेले नाही, किंवा एका तुकडीला शिकवले गेले आणि दुसरीला नाही. यांतले नेमके काय घडले ते हजेरीपटावरून एका दुपारी तपासता येते. त्यासाठी सरासरीबरोबर प्रत्येक पर्यायाची मोजणी महाविद्यालयाच्या हातात पडायला हवी.