पस्तीस म्हणजे काय ऊन झालं?

एप्रिल लागला की हे वाक्य हमखास कानावर येतं. बोलणारा नागपूर-अकोल्याकडचा, ऐकणारा मुंबई-ठाण्याचा, आणि सुरात थोडी कीव. "आमच्याकडे पंचेचाळीस असतं भाऊ! तुमचं पस्तीस म्हणजे आमची मार्चातली दुपार." मुंबईकरही वाद घालत नाही. "हो, आमच्याकडे ऊन कुठलं, नुसता घाम," म्हणून मोकळा होतो. दोघांचं एकमत झालेलं असतं: उष्माघात हा विदर्भ-मराठवाड्याचा प्रकार, किनाऱ्यावर फार तर चिकचिक होते.

गप्पांपुरतं हे चाललं असतं. पण याच समजुतीच्या भरवशावर शाळांच्या स्पर्धा, लग्नाच्या वराती आणि सभा भर दुपारी ठरतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. लाखो माणसं तासन् तास उन्हात बसून होती. त्या दिवशी तिथलं कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं, म्हणजे चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या हिशेबात किरकोळ. त्या कार्यक्रमानंतर १४ माणसं दगावली. तरीही "अडतीसने कोणी मरतं का?" असं विचारणारे तेव्हा भेटले, अजूनही भेटतात. म्हणून हे जरा सविस्तर.

आपलं शरीर सतत उष्णता तयार करत असतं. नुसता बसलेला माणूसही साधारण १०० वॅट तयार करतो. चालू लागला, ओझं उचललं की हा आकडा तीनशे-चारशेवर जातो. शरीराच्या आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखायचं तर ही सगळी उष्णता बाहेर टाकली पाहिजे. हवा थंड असेल तर ती त्वचेतून आपसूक निघून जाते. पण त्वचेचं तापमान असतं साधारण ३५ अंश. हवा तिथवर तापली की ती वाट बंद, आणि त्याच्याही पुढे गेली की हवाच उलट शरीर तापवू लागते. मग एकच उपाय उरतो, घाम.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळण्याने होतं. एक लिटर घाम त्वचेवर वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. तोच घाम टपकून जमिनीवर पडला तर त्याचा थंडाव्याला काडीचाही उपयोग नाही. पाणी गेलं, मीठ गेलं, उष्णता जिथल्या तिथे. हमालीचं काम करणाऱ्याने तासाला जवळजवळ अर्धा लिटर घाम वाळवला तरच त्याच्या शरीराचा हिशेब जुळतो. तेव्हा "भरपूर घाम येतोय, म्हणजे शरीर आपलं काम करतंय" हे समाधान अर्धवट आहे. सदरा पिळून काढण्याइतका भिजला असेल, तर त्याचा अर्थ घाम वाळत नाही एवढाच.

आता हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर घाम वाळणार कुठे? यासाठी शास्त्रज्ञ वेट-बल्ब तापमान मोजतात. थर्मामीटरच्या फुग्याभोवती ओलं कापड गुंडाळून त्यावर वारा सोडायचा, आणि पाणी वाळून पारा किती खाली येतो ते बघायचं. नागपूरची मे महिन्यातली ४४ अंशांची, १२ टक्के आर्द्रतेची दुपार घेतली तर ओल्या कापडातला पारा २२ अंशांपर्यंत उतरतो. मुंबईच्या ३५ अंशांच्या, ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत तो २९ वरच अडतो. ज्या पस्तिशीची कीव केली जाते, ती या मापाने चव्वेचाळिशीपेक्षा सात अंश वर आहे. पटत नसेल तर नागपूरकराने आपल्याच घरातला कूलर बघावा. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडलं की खोली गार होते, कारण तिथल्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने वाळतं. तोच कूलर उचलून दादरला आणा, खोलीत फक्त दमटपणा वाढेल. कूलर दादरला का चालत नाही हे ज्याला कळतं, त्याला घाम तिथे का वाळत नाही हे कळायला जड जाऊ नये. पण का कोण जाणे, जातं.

कोरड्या हवेत घामाच्या जोरावर माणूस काय सोसतो, याचा पुरावा अडीचशे वर्षं जुना आहे. १७७४-७५ मध्ये लंडनला चार्ल्स ब्लॅग्डेन हे डॉक्टर आणि त्यांचे काही मित्र मुद्दाम तापवलेल्या खोलीत जाऊन बसले. खोलीचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर नेलं होतं. त्याच खोलीत ठेवलेली अंडी कडक शिजली, मांसाचा तुकडा कोरडा होईपर्यंत भाजला गेला, आणि ही मंडळी काही मिनिटांनी आपल्या पायांनी बाहेर आली. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हा वृत्तांत छापलेला आहे. उलट टोकाचं गणित शेरवूड आणि ह्यूबर या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडलं: वेट-बल्ब ३५ अंशांवर गेलं की धडधाकट माणूससुद्धा, सावलीत, पंख्याखाली, स्वस्थ बसूनही काही तासांपलीकडे तगणार नाही. ही कागदावरची मर्यादा. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात निरोगी तरुण-तरुणींवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत हलक्या हालचाली करतानाही ३०-३१ च्या आसपासच शरीराचं तापमान हाताबाहेर जाऊ लागल्याचं दिसलं. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईचे वरचे २९ आठवा.

याचा अर्थ विदर्भातलं ऊन निरुपद्रवी, असा कृपा करून कोणी काढू नये. त्याच प्रयोगांत कोरड्या, फार तापलेल्या हवेत ही मर्यादा आणखी खाली, पंचवीस ते अठ्ठावीसच्या दरम्यान आली. कारण साधं आहे. तिथे घाम वाळतो झटपट, पण हवेकडून येणारी उष्णता इतकी असते की तेवढा घाम तयार करणंच शरीराला झेपत नाही, आणि पाणी कमी पडलं की सगळंच संपतं. दोन्हीकडची माणसं मरतात, रस्ते वेगळे. म्हणून 'कुठलं ऊन खरं' हा वादच फिजूल आहे.

हवामान खात्याला हे माहीत आहे. उष्णतेची लाट जाहीर करायला मैदानी भागात निदान ४० अंश लागतात, किनाऱ्यावर ३७ पुरतात, डोंगराळ भागात ३०. सोबत सरासरीपेक्षा साडेचार अंशांची वाढ हवी. आणखी एक गोष्ट बातम्या ऐकताना सुटते. खात्याचा आकडा सावलीतला असतो. थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर ठेवलेला असतो. ३८ म्हणजे त्या पेटीतले ३८. पत्र्याखाली, डांबरावर किंवा मंडपाशिवाय बसलेल्या माणसाच्या वाट्याला त्याहून कितीतरी जास्त येतं.

"आम्हाला सवय आहे" यात मात्र तथ्य आहे, पण सवयीला मुदत असते. रोज उन्हात राबलं तर दहा-चौदा दिवसांत शरीर जुळवून घेतं: रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातलं मीठ कमी होतं. उन्हापासून लांब राहिलं की काही आठवड्यांत हे सगळं पुसलं जातं. म्हणून मोसमातली पहिली लाट जास्त घातक, आणि वर्षभर एसीत बसणाऱ्याचा जन्म कुठे झाला याला शरीर किंमत देत नाही.

"मग इतके मेले तर आकडे का दिसत नाहीत?" हाही प्रश्न येतो. कारण मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा हृदयविकार किंवा मूत्रपिंड निकामी असं लिहिलं जातं. अहमदाबादेत मे २०१० मध्ये नेहमीच्या तुलनेत १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं नंतरच्या अभ्यासात निघालं (प्लॉस वन, २०१४). त्या मे महिन्याच्या अनुभवातूनच तिथे २०१३ साली उष्णतेसाठीचा शहराचा कृती आराखडा आला.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात. खिशातला कांदा उष्णता 'ओढून' घेत नाही. त्याला तसं करण्याचा मार्गच नाही, तेव्हा तो भाकरीबरोबर खावा. ताक, पन्हं, कोकम सरबत यांत मीठ-साखर-पाणी असतं, त्यांच्याशी माझं भांडण नाही. उष्माघातात पॅरासिटामॉल देऊ नये: तापात मेंदूच शरीराचं तापमान वर ठरवतो आणि गोळी ते खाली आणते, इथे मेंदूने काही ठरवलेलंच नसतं, शिवाय यकृत आधीच संकटात असतं. घाम थांबला तरच उष्माघात, हे चूक. कष्ट करताना झालेल्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. खरी खूण मेंदूची: बरळणं, झोक जाणं, झटके, शुद्ध हरपणं. गार पाणी ओतलं तर 'शॉक बसतो' म्हणून थांबणारे जीव घालवतात. १०८ ला फोन लावा, सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.