सव्हाना: पाटीची तळाची ओळ

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावरचं सव्हाना हे जुनं शहर पायी फिरायचं शहर आहे. चौकाचौकात ओक वृक्षांखाली उंच खांबांवर धातूच्या ओतीव पाट्या दिसतात. वर मुद्रा, तिच्याखाली मथळा, मग दाटीवाटीनं बसवलेला मजकूर. लोक मथळा वाचतात, फोटो काढतात आणि पुढच्या चौकाकडे निघतात. माझं सांगणं असं, की या पाट्या खालून वर वाचाव्यात. तळाशी ती पाटी कोणी उभारली आणि कोणत्या वर्षी, हे लिहिलेलं असतं. ते आधी वाचलं की वरच्या मजकुरात काय असेल आणि काय गाळलेलं असेल, याचा बराचसा अंदाज येतो.

राज्य सरकारनं पाट्यांसाठी जॉर्जिया हिस्टॉरिकल कमिशन नेमलं ते १९५१ साली. त्या काळच्या पाट्यांवर सेनापती, गव्हर्नर, धर्मगुरू आणि लढाया यांची रेलचेल आहे. १९९८ पासून हे काम जॉर्जिया हिस्टॉरिकल सोसायटी पाहते. १८३९ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं ग्रंथालय फोर्साइथ पार्कच्या कडेला हॉजसन हॉलमध्ये आहे. तिच्या पाट्यांवर हळूहळू वेगळी माणसं येऊ लागली. सव्हानाचा इतिहास मला १९५१ आणि १९९८ या दोन तारखांमधल्या अंतरात सगळ्यात जास्त दिसतो.

शहराची आखणीच अशी आहे, की स्मारकांना जागा शोधावी लागत नाही. १२ फेब्रुवारी १७३३ रोजी जेम्स ओगलथॉर्प इंग्रज वसाहतवाल्यांना घेऊन नदीकाठच्या उंच कड्यावर उतरला आणि त्यानं शहर वॉर्डांत आखलं. प्रत्येक वॉर्डाच्या मध्यभागी मोकळा चौक, उत्तर-दक्षिणेला घरांचे चाळीस भूखंड, पूर्व-पश्चिमेला सार्वजनिक इमारतींसाठी चार मोठे भूखंड. शहर वाढलं तसे वॉर्ड वाढले. १८५१ पर्यंत चौक चोवीस झाले. त्यांपैकी बावीस आज आहेत. नावं आणि पुतळे मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. ओगलथॉर्पचा पुतळा ओगलथॉर्प चौकात नसून चिपेवा चौकात आहे. त्याच चिपेवा चौकात ‘फॉरेस्ट गम्प’ सिनेमातला बाक शोधत लोक येतात. तो बाक चित्रीकरणापुरता ठेवलेला होता आणि आता संग्रहालयात आहे.

ज्या कड्यावर हे शहर वसलं, ती जागा यामाक्रॉ लोकांची होती. त्यांचा प्रमुख टोमोचिची यानं वसाहतीला जागा दिली. पुढच्याच वर्षी तो ओगलथॉर्पबरोबर इंग्लंडला जाऊन राजा दुसरा जॉर्ज याला भेटून आला. १७३९ साली तो वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला शहरातच, आज राइट चौक म्हणतात त्या चौकात पुरलं आणि ओगलथॉर्पनं स्वतः खांदा दिला. पुढे ती कबर लोकांच्या नजरेआड झाली. १८८३ साली त्याच चौकाच्या मध्यभागी विल्यम वॉशिंग्टन गॉर्डन यांचं भव्य स्मारक उभं राहिलं. गॉर्डन हे सेंट्रल ऑफ जॉर्जिया रेल्वेचे संस्थापक. ज्यानं जागा दिली त्याच्या कबरीची खूण उरली नाही आणि रेल्वेच्या मालकाला मधली जागा मिळाली. याची टोचणी गॉर्डन घराण्याच्याच सुनेला, नेली गॉर्डन यांना लागली. त्यांच्या पुढाकारानं ‘कलोनियल डेम्स’ या महिला संघटनेनं १८९९ साली चौकाच्या एका कोपऱ्यात ग्रॅनाइटची एक ओबडधोबड शिळा बसवली. स्टोन माउंटनहून आणलेल्या या शिळेवर टोमोचिचीच्या नावाची तांब्याची पट्टी आहे. मधलं स्मारक आपल्या जागी, शिळा कोपऱ्यात. ही मांडणी आजही तशीच आहे, आणि या शहरात स्मृती कशी वाटली गेली हे समजायला ती पुरेशी आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर धोका पाट्यांना नव्हता, भिंतींना होता. १९५४ साली एलिस चौकातला जुना सिटी मार्केट पाडून तिथे वाहनतळ बांधला. पुढच्या वर्षी १८२० सालच्या डेव्हनपोर्ट हाउसवरही तशीच वेळ आली. तेव्हा सात स्त्रिया एकत्र आल्या, त्यांनी साडेबावीस हजार डॉलर उभे करून ते घर विकत घेतलं आणि हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन स्थापन केलं. पुढे ही संस्था मोडकळीला आलेली घरं विकत घ्यायची, ती जपण्याची अट घालून विकायची आणि त्या पैशांतून पुढचं घर वाचवायची. १९६६ साली जुन्या शहराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. एलिस चौकातला वाहनतळ अखेर पाडला गेला. गाड्या जमिनीखाली गेल्या आणि २०१० साली चौक पुन्हा खुला झाला. त्या सात जणींचे उपकार फार मोठे आहेत. पण वाचलेल्या घरांची कहाणी बराच काळ मालकांचीच कहाणी म्हणून सांगितली गेली. १८१९ सालच्या ओवेन्स-थॉमस हाउसच्या मागच्या अंगणात गुलामांच्या राहण्याची इमारत आहे. छताला दिलेला निळा रंग अजून दिसतो. ‘स्लेव्ह क्वार्टर्स’ हे शब्द या संग्रहालयाच्या अधिकृत नावात आले ते २०१८ साली.

ती दुसरी कहाणी दारोदार जाऊन गोळा करणारा माणूस पोस्टमन होता. वेस्टली वॉलेस लॉ हे १९५० ते १९७६ अशी सव्वीस वर्षं कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष होते. १६ मार्च १९६० रोजी ब्रॉटन स्ट्रीटवरच्या लेव्हीज या दुकानात तरुण विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर बसले. तिघांना अटक झाली. मग दुकानांवर बहिष्कार सुरू झाला, तो वर्षाहून अधिक काळ टिकला आणि दुकानदारांना नमतं घ्यावं लागलं. लॉ यांना पोस्टातून काढलं गेलं, ती नोकरी त्यांनी परत मिळवली. पुढच्या आयुष्यात त्यांनी कृष्णवर्णीयांच्या सव्हानाची सहल आखली, घरं वाचवली, नागरी हक्कांचं संग्रहालय उभं केलं. लेव्हीजची इमारत आज कला महाविद्यालयाचं ग्रंथालय आहे आणि बाहेर त्या बैठ्या सत्याग्रहाची पाटी आहे.

आता ज्या पाटीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. ती जुन्या शहरात नाही. पश्चिमेला ऑगस्टा ॲव्हेन्यूवर, पर्यटकांच्या नेहमीच्या वाटेबाहेर, एका लहानशा बागेत ती आहे. तळाची ओळ सांगते: २००८.

२ आणि ३ मार्च १८५९ रोजी इथून जवळच टेन ब्रोक रेसकोर्सवर ४३६ माणसांचा लिलाव पुकारला गेला. मालक पिअर्स बटलर कर्जात बुडाला होता. देणी भागवण्यासाठी त्यानं डॅरियन गावाजवळच्या आपल्या भाताच्या आणि कापसाच्या मळ्यांवरची माणसं विकायला काढली. लिलावाआधी त्यांना शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलं होतं. गिऱ्हाइकं येत, दात बघत, दंड दाबून बघत, चालायला लावत. दोन्ही दिवस पावसाची झड होती. हे सगळं कळलं ते ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’च्या मॉर्टिमर थॉमसन या बातमीदारामुळे. गिऱ्हाईक असल्याचं सोंग घेऊन, हातात यादी आणि पेन्सिल घेऊन तो आत शिरला होता.

नवरा-बायको आणि आई-लहान मुलं यांची ताटातूट करायची नाही, असा लिलावाचा नियम होता. त्या नियमात म्हातारे आईबाप, भावंडं, लग्न न झालेले प्रेमी बसत नव्हते. यादीतला ३१९ क्रमांकाचा जेफ्री हा तेवीस वर्षांचा तरुण आधी विकला गेला. त्यानं नव्या मालकाचे पाय धरल्यासारखी विनवणी केली: डॉर्कसलाही घ्या, आमचं एकमेकांवर प्रेम आहे, ती कामाला चांगली आहे. मालकाची तयारी झाली. दुसऱ्या दिवशी डॉर्कसची पाळी आली तेव्हा ती एकटी विकायला नव्हती, घरच्यांसह एकाच गठ्ठ्यात होती. मालकाला एवढी माणसं नको होती. डॉर्कस दुसऱ्याकडे गेली.

लिलावातून ३,०३,८५० डॉलर आले. बटलरनं विकलेल्या प्रत्येकाला एक डॉलर दिला, चार नव्या कोऱ्या नाण्यांत. कृष्णवर्णीय कुटुंबांच्या बोलण्यात हे दोन दिवस ‘वीपिंग टाइम’, रडण्याची वेळ, म्हणून राहिले. त्यांना जमिनीवर खूण मिळायला १४९ वर्षं लागली.

त्याच १८५९ साली फ्रँकलिन चौकात फर्स्ट आफ्रिकन बाप्टिस्ट चर्चची विटांची इमारत पुरी झाली. दिवसभर मालकाचं काम करून रात्री इथल्या गुलामांनी ती बांधली होती. शहर त्यांच्याकडून सगळं काही बांधून घेत होतं. ही एक इमारत त्यांनी स्वतःसाठी बांधली. त्या चौकात गेलात तर निदान आत बसून या.

शब्दांवरून भांडणं झाली नाहीत असं नाही. नदीकाठच्या रिव्हर स्ट्रीटवर २००२ साली आफ्रिकन अमेरिकनांचं स्मारक उभं राहिलं: आजच्या कपड्यांतलं चौघांचं कुटुंब, पायांशी तुटलेल्या बेड्या. शिक्षिका ॲबिगेल जॉर्डन यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. खालचा मजकूर कवयित्री माया अँजेलो यांचा. त्यात गुलामांच्या जहाजाच्या तळातलं वर्णन इतकं उघडं आहे, की फेरफटक्याच्या जागी ते नको असं शहरातल्या काहींना वाटलं. अखेर अँजेलोंनी शेवटी आशेची एक ओळ जोडली आणि मजकूर मंजूर झाला. मला विचाराल तर या स्मारकाचा जीव ज्यांना हरकत घेतली गेली त्या ओळींतच आहे.

मॅडिसन चौकातल्या ग्रीन-मेल्ड्रिम हाउसचं जुनं वर्णन ‘जनरल शर्मनचं ठाणं’ एवढ्यावर थांबतं. शर्मन हा अमेरिकेतल्या यादवी युद्धात सव्हाना ताब्यात घेणारा, उत्तरेच्या म्हणजे युनियन सैन्याचा सेनापती. १२ जानेवारी १८६५ रोजी त्याच घरात शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांच्यासमोर वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशक बसले. त्यांच्या वतीनं सदुसष्ट वर्षांचे गॅरिसन फ्रेझर बोलले. आठ वर्षांपूर्वी त्यांनी हजार डॉलर मोजून स्वतःला आणि बायकोला सोडवून घेतलं होतं. तुम्हाला काय हवं, या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं: जमीन, जी आम्ही कसू आणि पुढे विकत घेऊ. चार दिवसांत किनारपट्टीची जमीन प्रत्येक कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत वाटण्याचा हुकूम निघाला. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी तो उलटवला आणि बहुतेक जमिनी जुन्या मालकांकडे परत गेल्या.

सगळ्यात ताजा बदल जुन्या शहराच्या दक्षिण भागातल्या एका चौकात झाला. गुलामगिरीचा कट्टर समर्थक जॉन कॅल्हून याचं नाव त्याला १८५१ पासून होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये नगर परिषदेनं ते काढून टाकलं. काही महिने चौक बिननावाचा राहिला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तो टेलर चौक झाला. एका स्त्रीचं आणि एका कृष्णवर्णीय व्यक्तीचं नाव सव्हानाच्या चौकाला मिळण्याची ही पहिलीच वेळ.

सुझी किंग टेलर १८४८ साली गुलामगिरीत जन्मल्या आणि लहानपणी आजीकडे सव्हानात आल्या. गुलामांना वाचायला शिकवणं तेव्हा गुन्हा होता. बे लेनमध्ये श्रीमती वुडहाउस या स्वतंत्र कृष्णवर्णीय विधवेच्या स्वयंपाकघरात शाळा भरे. मुलं पुस्तकं कागदात गुंडाळून आणत, एकेक करून फाटकातून आत शिरत आणि सुटल्यावर एकेक करूनच बाहेर पडत. चौदाव्या वर्षी सुझी निसटून युनियन सैन्याच्या आश्रयाला गेल्या, मुक्त झालेल्यांना शिकवू लागल्या, पलटणीत कपडे धुतले, जखमींची शुश्रूषा केली. या आठवणी त्यांनी १९०२ साली पुस्तकरूपानं छापल्या. युद्धानंतर सव्हानात परतून त्यांनी आजच्या ओगलथॉर्प ॲव्हेन्यूवर राहत्या घरी शाळा काढली. फी महिन्याला एक डॉलर. १८६७ साली मुक्त झालेल्यांच्या मुलांसाठी बीच इन्स्टिट्यूट ही विनाशुल्क शाळा उघडली आणि सुझींची बरीचशी मुलं तिकडे गेली. ती इमारत ईस्ट हॅरिस स्ट्रीटवर उभी आहे आणि आता तिथे आफ्रिकन अमेरिकन संस्कृतीचं केंद्र चालतं.