स्फटिकातील उणिवेचा नाद

मडके विकत घेताना जाणते गिऱ्हाईक ते बोटाने वाजवून पाहते. बारीक चीर डोळ्यांस दिसत नाही. परंतु बद्द आवाज ती उघडी पाडतो. धातूंच्या ऑक्साइडांचे अतिसूक्ष्म स्फटिक पारखण्याची एक रीत अशीच आहे. बोटाचे काम तेथे प्रकाश करतो.

या रीतीचे मूळ कलकत्त्याचे. चंद्रशेखर वेंकट रामन हे १९०७ ते १९१७ पर्यंत सरकारी अर्थखात्यात अधिकारी होते. रंगून व नागपूर येथील बदल्याही त्यांनी भोगल्या; कलकत्त्यास असताना कचेरी सुटली की ते प्रयोगशाळा गाठीत. (हिशेबाच्या चोपड्यांनी त्यांची जिज्ञासा विझली नाही, हे विशेष!) पुढे प्राध्यापक झाल्यावर, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, के. एस. कृष्णन यांच्या साह्याने त्यांना आढळले की, विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश आपला रंग बदलतो. अणूंच्या कंपनास दिलेली ऊर्जा त्याच्या खाती वजा पडलेली असते. हा अंश कोट्यवधी प्रकाशकणांत एखाददुसराच. म्हणून १९६० मध्ये लेझर अवतरल्यावरच या रीतीस खरा बहर आला.

सीरियम ऑक्साइडाचे उदाहरण घ्यावे. मोटारीच्या धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइडाचे निवारण करणाऱ्या उपकरणात हा पदार्थ योजतात, कारण तो प्राणवायू सहज देतो आणि परत घेतो. त्याच्या स्फटिकात प्रत्येक सीरियमभोवती आठ ऑक्सिजन असतात. ते एकत्र आतबाहेर होऊ लागले की वर्णपटात सेंटिमीटरमागे सुमारे ४६५ तरंगांच्या स्थानी एक ठळक रेषा उमटते. एखादा ऑक्सिजन निघून गेला की त्याचे दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात, शेजारचे सीरियम काहीसे फुगतात, बंध सैलावतात. मग मुख्य रेषा खाली सरकते, रुंदावते, आणि ५५० ते ६०० च्या आसपास एक फिकट पट्टा दिसू लागतो. स्फटिकाची ही उणीवच येथे कामाची; रिकाम्या जागांवाचून प्राणवायूची देवघेव मंदावते.

परंतु रेषा सरकली की लागलीच उणिवांची मोजदाद मांडणे उतावीळपणाचे होय. स्फटिक पाचसहा नॅनोमीटरांचा असला, तर केवळ लहानपणामुळेही रेषा सरकते व एका अंगाला कलते: मोठ्या स्फटिकात ज्या कंपनांना मज्जाव असतो, तीही आता डोकावतात. फिकट पट्ट्यातही परक्या धातूंच्या मिश्रणाचा वाटा असू शकतो. म्हणून नमुना प्राणवायूत तापवून, थंड करून पुन्हा पाहतात. स्फटिक वाढलेला नसताना पट्टा फिका झाला, तर रिक्त जागांवरील संशय बळावतो. लेझरचीही एक खोड आहे. तो प्रखर असला की नमुना तापतो, आणि नुसत्या उष्णतेनेही रेषा खालीच येते. त्यामुळे प्रकाश मंद करून तेच मोजमाप पुन्हा घ्यावे लागते.