अडखळणाऱ्या गाण्याचा तपास

आमच्या थोरल्या मामांनी आपल्या जुन्या कॅसेटींवरील नाट्यपदे आणि भजने ज्या संगणकात एकेक करून उतरवून ठेवली होती, तो विंडोज एक्सपीवर चालणारा संगणक गेल्या वर्षी अकस्मात अडखळू लागला. तान वर चढावी तोच आवाज तुटावा, एकच स्वर क्षणभर घरघरत राहावा आणि पुढची जागा हरवून जावी, हा प्रकार नित्याचा झाला. मामांनी गाणी वाजवणारा प्रोग्रॅम तीनदा काढून तीनदा बसवला. एका दुरुस्तीवाल्याने यंत्र मोडीत काढण्याचा सल्ला दिला. गाणे कोणत्या वाटेने कानापर्यंत येते, याचा विचार मात्र कोणीच केला नव्हता.

सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. १२८ किलोबिटच्या एमपी३ फाइलीत हाच ऐवज सुमारे अकराव्या हिश्श्याइतका आकुंचित करून ठेवलेला असतो. प्रोसेसर तो उलगडून बफर नावाच्या राखीव स्मृतीत भरत जातो, आणि साउंड कार्ड तेथून ठराविक गतीने उचल करीत राहते. भरणा वेळेवर झाला नाही, तर साउंड कार्ड पुष्कळदा जुनाच तुकडा पुन्हा वाजवते. मामांना ऐकू येणारी घरघर ती हीच.

म्हणून तपासाचा आरंभ दोन साध्या प्रयोगांनी करावा: तेच गाणे दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहावे, आणि त्याच प्लेअरवर दुसरे गाणे. एकच गाणे बिघडत असेल तर दोष बहुधा फाइलीत. एकच प्लेअर बिघडत असेल तर दोष त्याच्या मांडणीत, बहुधा गाण्यांची नोंद ठेवणाऱ्या त्याच्या लायब्ररीत. विंडोज मीडिया प्लेअरची ही नोंदवही खराब झाल्यास प्लेअर बंद करून तिची फाइल दुसरीकडे हलवावी. तो नवी नोंदवही तयार करतो आणि मूळ गाण्यांना धक्का लागत नाही. मामांकडे मात्र प्रत्येक प्लेअर आणि प्रत्येक गाणे सारखेच अडखळत होते, आणि फोल्डर उघडताना माउसचा बाणही थबकत होता. खरी खूण ही होती.

हार्ड डिस्कवरील माहिती स्मृतीत नेण्याच्या दोन रीती आहेत. डीएमए रीतीत नियंत्रक ती परस्पर पोहोचवतो. पीआयओ रीतीत प्रत्येक खेप प्रोसेसरलाच वाहावी लागते. डिस्कशी देवघेव करताना चुका वारंवार होऊ लागल्या, की एक्सपी सावधगिरीचा उपाय म्हणून जलद रीत सोडून क्रमाक्रमाने पीआयओपर्यंत खाली उतरते, आणि याची कसलीही वर्दी वापरणाऱ्याला देत नाही. गाण्याला सेकंदाला लागतात अवघे १६ किलोबाइट, तेवढे तर मंद डिस्कही सहज पुरवील. पण हमाली करण्यात गुंतलेल्या प्रोसेसरला गाणे उलगडण्यास उसंत मिळत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनलच्या सेटिंगात आम्ही पाहिले, तेव्हा तेथे ‘पीआयओ मोड’ हेच शब्द होते.

अशा वेळी सर्वप्रथम गाण्यांची नक्कल बाहेरच्या डिस्कवर करून घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन, कारण या चुका कधी सैल केबलच्या असतात, तर कधी मरणपंथाला लागलेल्या डिस्कच्या. आमची अख्खी रात्र त्या नकलेत गेली. सकाळी केबल बदलली, ते चॅनल डिव्हाइस मॅनेजरमधून काढून टाकले आणि यंत्र पुन्हा सुरू केले. विंडोजने चॅनल नव्याने ओळखले आणि त्या जागी ‘अल्ट्रा डीएमए’ आले. एक्सपीला सुरक्षेची डागडुजी मिळणे एप्रिल २०१४ पासून थांबलेले असल्यामुळे इंटरनेटची तारही मी त्याच वेळी काढून ठेवली.

एक तक्रार उरली होती. मामांनी देवनागरीत दिलेली गाण्यांची नावे त्यांच्या लाडक्या जुन्या प्लेअरमध्ये नुसती प्रश्नचिन्हे होऊन दिसत. मराठीसाठी विंडोजने जुन्या धर्तीचे कोडपेज कधी ठेवलेच नाही, त्यामुळे युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रॅमला आपली अक्षरे वाचताच येत नाहीत. एक्सपीच्या भाषाविषयक सेटिंगात जटिल लिप्यांची सोय सुरू केली आणि एक्सपीवर चालणारे व्हीएलसी बसवले. यादी उमटली, मामांनी चष्मा सारखा केला, आणि तिसऱ्या पदाच्या नावातली वेलांटी चुकल्याचे गाणे सुरू होण्याआधीच मला दाखवून दिले.